हमी आधी मोडली कोणी? व्हॉल्व्हचं ब्रॅकेट बघा

चिंचवडच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. एअर सस्पेंशनची, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर तोललेली, बसची चासी त्यांनी 21 लाखांना घेतली आणि चाकणजवळच्या एका बॉडीबिल्डरकडून 26 लाखांत तिच्यावर कुटुंबासाठी मोटरहोम बांधून घेतलं. ताबा मिळाल्यावर महिन्याभरात गाडी मागच्या डाव्या बाजूला झुकायला लागली. बॉडीबिल्डर चासीचा दोष सांगतो, चासी कंपनी बॉडीच्या वजनाकडे बोट दाखवते. हेलपाट्यांना कंटाळून वाचकांनी कात्रजच्या एका गॅरेजात डावा हाइट कंट्रोल व्हॉल्व्ह (बलूनमधली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणारा) बदलून घेतला, त्याचा रॉडही थोडा फिरवून घेतला. झुकाव तसाच राहिला. आता चासी कंपनी हमीपत्रातलं कलम पुढे करते: ‘अधिकृत सेवा केंद्राबाहेर सस्पेंशन किंवा हवेच्या प्रणालीत बदल झाल्यास हमी रद्द समजली जाईल.’ सेवा केंद्रातल्या पहिल्या जॉब कार्डला, म्हणजे तक्रारीच्या पहिल्या नोंदीला, बावीस महिने होऊन गेले आहेत.

चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची आणि दोष कोणाचाच नाही, अशी पत्रं सतत येतात. त्यामुळे ग्राहक म्हणजे कोण इथपासून सुरुवात करत नाही. तुमचं सगळं प्रकरण त्या एका कलमावर उभं आहे, आणि त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: पहिला बदल कोणी केला?

तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी एकात मागच्या डाव्या व्हॉल्व्हचं ब्रॅकेट चासीच्या मूळ भोकांवर दिसत नाही. पाण्याच्या टाकीला जागा करायला वेगळी पट्टी लावून ते वर सरकवलेलं आहे. पत्रात याचा उल्लेखही नाही, याचं आश्चर्य वाटतं.

हा व्हॉल्व्ह चासीच्या फ्रेमवर बसतो. त्याचा लिव्हर एका उभ्या रॉडने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. वजन वाढून फ्रेम खाली आली की लिव्हर वर जातो आणि हवेच्या टाकीतली हवा बलूनमध्ये शिरते. वजन उतरलं की लिव्हर खाली येतो आणि हवा बाहेर पडते. मधल्या जागेवर दोन्ही वाटा बंद. म्हणजे व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, तो फक्त फ्रेम आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर राखतो. रॉड तेवढाच ठेवून व्हॉल्व्ह 25 मिलिमीटर वर नेला, तर लिव्हर खाली ओढल्यासारखा होतो, हवा सुटते आणि गाडी त्या बाजूला जवळपास तेवढीच खाली बसून तिथेच थांबते. व्हॉल्व्ह नवा असो की जुना, तो हेच करणार. बदलूनही झुकाव राहिला, ही तुमच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे.

ब्रॅकेट बॉडीबिल्डरने हलवलं असेल, तर तेच कलम तुमच्या हातात येतं. ‘बदल’ ताब्याच्या आधीच झाला होता, गॅरेजने नंतर काय केलं ते दुय्यम ठरतं. बॉडीबिल्डरने हमी धोक्यात आणलेली गाडी न सांगता तुम्हाला दिली, ही सेवेतली त्रुटी झाली. चासी कंपनीने ब्रॅकेट न बघता दोन वेळा ‘वजन जास्त’ लिहून गाडी परत पाठवली, याचं उत्तर तिलाही द्यावं लागेल. ग्राहक आयोगातल्या तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलंत तर तो गैरहजर असलेल्या दुसऱ्यावर सगळं ढकलेल.

वजनाचा बचाव येणारच, म्हणून तो आधीच तपासा. गेज लावून डाव्या बलूनमधला दाब मोजा. वजन खरोखर पेलत नसेल तर लिव्हर वर राहतो, व्हॉल्व्ह हवा भरत राहतो आणि बलूनचा दाब हवेच्या टाकीच्या दाबाजवळ, म्हणजे साधारण 8 बारपर्यंत जातो. दाब त्याहून बराच कमी असूनही बाजू खालीच असेल, तर व्हॉल्व्ह आणखी हवा मागतच नाही. दोष मग ब्रॅकेटच्या जागेचा किंवा रॉडच्या लांबीचा. सोबत वजनकाट्यावर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि डावी-उजवी चाकं वेगवेगळी तोलून पावत्या घ्या, पाण्याची टाकी भरून एकदा आणि रिकामी करून एकदा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, 300 लिटरची टाकी डाव्या बाजूला असेल तर तो फरक पावतीवर दिसायलाच हवा. एअर सस्पेंशनमध्ये जास्तीचं वजन उंचीत दिसत नाही, दाबात दिसतं. अ‍ॅक्सलची मर्यादा ओलांडलेली निघाली तर मात्र तुमची बाजू लंगडी होईल, तेही आत्ताच कळलेलं बरं.

आता तुमच्या निष्काळजीपणाबद्दल. जुना व्हॉल्व्ह ‘गॅरेजमध्येच असावा’ असं तुम्ही लिहिलं आहे. असावा म्हणजे काय? 47 लाखांच्या भांडणातला तो मुख्य पुरावा आहे. आजच जाऊन तो ताब्यात घ्या, भंगारात गेला असेल तर तसं गॅरेजवाल्याकडून लिहून घ्या. व्हॉल्व्ह धुऊ नका, आतली ओल किंवा हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरची पूड तशीच राहू द्या. दोन साक्षीदारांसमोर पिशवीत सील करून सह्या आणि तारीख घाला. पाहणी होईपर्यंत रॉडलाही हात लावू नका. नट आधी कुठे होता ते आट्यांवरची गंजाची रेघ सांगते, तिचा फुटपट्टी धरून फोटो घ्या. गॅरेजच्या बिलावर जुन्या-नव्या व्हॉल्व्हचे पार्ट नंबर आणि रॉड किती फिरवला ते लिहून आणा. तुमचं बिल फक्त ‘सस्पेंशन काम’ म्हणतं, ते काहीही सिद्ध करत नाही.

मग दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस: अमुक दिवशी संयुक्त पाहणी, न आल्यास एकतर्फी. पाहणी सपाट फरशीवर करा. चाकांना ठोकळे लावा, हवा कट-ऑफपर्यंत, म्हणजे कंप्रेसर हवा भरणं थांबवतो त्या दाबापर्यंत, भरा आणि फ्रेम स्टँडवर टेकवल्याशिवाय कोणालाही खाली जाऊ देऊ नका, बलून अचानक उतरला तर माणूस दबतो. उंची चासीच्या पुस्तकात दिलेल्या बिंदूंवरच मोजा. मग लिव्हरवरून रॉड सोडवून लिव्हर वर उचला आणि पंधरा-वीस सेकंद थांबा, कारण काही व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा प्रतिसाद देतात. बलून फुगला, खाली दाबल्यावर उतरला आणि मधे ठेवल्यावर स्थिर राहिला, तर व्हॉल्व्ह निर्दोष. साबणाच्या पाण्याने बलून आणि जोडही तपासा. रात्रभरात गाडी बसत असेल तर तो गळतीचा वेगळा प्रश्न आहे, दोन्ही एकत्र कालवू नका. नोटिशीतच बॉडीबिल्डरकडे एआयएस-124 या मोटर कॅराव्हॅनच्या मानकाखालचं मान्यतापत्र आणि सस्पेंशनचं ड्रॉइंग मागा. बांधकाम चालू असताना त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंत ब्रॅकेट कुठे होतं ते शोधा. ते फोटो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्रासह तक्रारीला जोडा.

तक्रार दाखल करायची मुदत: ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69, दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येईल, प्रत्येक दुरुस्तीनंतर दोष परत आला असं म्हणता येईल. पण त्या वादावर विसंबू नका. पहिल्या जॉब कार्डपासून मोजा, म्हणजे हाती दोन महिने. ईमेल, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार किंवा ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ या आश्वासनांनी मुदत वाढत नाही.

दोन्ही रकमा मिळून 47 लाख होतात, म्हणजे जिल्हा आयोगाच्या 50 लाखांच्या मर्यादेच्या आत. त्यामुळे पुण्याच्या जिल्हा आयोगातच दाखल करा, शुल्क 1,000 रुपये. हमीचं कलम ‘अनुचित करार’ म्हणून रद्द करून मागण्याचा मोह टाळा. तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे, आणि तुमची तक्रार तिथेच अडकेल. ‘मालातील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ एवढंच मांडा. अधूनमधून ओळखीच्यांना गाडी भाड्याने दिली असं पत्राच्या शेवटी सहज लिहिलं आहे. व्यावसायिक हेतूचा आक्षेप त्यावरूनच येईल. तो टिकेल की नाही ते व्यवहार किती होते यावर अवलंबून आहे, पण आजपासून ते बंद करा.

आयोगाला चाचणी हवी वाटली तर कलम 38 प्रमाणे नमुना सील होऊन योग्य प्रयोगशाळेत जातो, अहवाल 45 दिवसांत यायला हवा आणि चाचणीचं शुल्क तुम्हालाच भरावं लागतं. पुण्यात एआरएआय आणि सीआयआरटी या वाहनांची चाचणी करणाऱ्या दोन्ही संस्था आहेत, अर्जात त्यांची नावं सुचवा, निवड आयोगाची. चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि गाडी अंगणात उभी राहते, हे संतापजनक आहे. एक मुदत मात्र पक्की आहे: सामनेवाल्याचं लेखी उत्तर 30 दिवसांत, फार तर आणखी 15. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला ही मर्यादा बंधनकारक ठरवली. नोटीस पोचल्याची तारीख लिहून ठेवा आणि 46व्या दिवशी हरकत घ्या.

पूर्ण पैसे परत मिळतील असं मी सांगणार नाही, बॉडी बांधलेल्या गाडीत ते अवघड आहे. ब्रॅकेट मूळ जागी, उंची पुस्तकाप्रमाणे लावल्याचं लेखी प्रमाणपत्र, हमी पुन्हा चालू, झालेला खर्च आणि भरपाई, हे मागा. बॉडीबिल्डर नोटीस मिळताच ‘फुकट करून देतो, गाडी आणा’ म्हणेल. पाहणी होऊन तिच्यावर सह्या होईपर्यंत गाडी त्याच्या आवारात नेऊ नका.