‘थांबूया’ कोण म्हणणार?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५२, राहायला हडपसरला. आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आषाढीआधी सायकलने पंढरपूरला जाणार आहे. सराव म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी भिगवणला जाऊन यायचं ठरलंय, म्हणजे दोनशेच्या आसपास किलोमीटर. मागच्या अशाच राइडला परतताना पाटसच्या पुढे माझं डोकं ठणकायला लागलं आणि भर उन्हात अंगावर काटा आला. सगळे म्हणाले, ‘पाणी पी आणि चल.’ दोन बाटल्या घटाघटा प्यायलो, पोटात डचमळलं, उलटी झाली. कसाबसा घरी पोचलो. लीडर म्हणतात, उन्हाची सवय व्हायलाच हवी. मला बीपीची गोळी चालू आहे. जाऊ की नको? नाही म्हटलं तर घाबरट म्हणतील.

उत्तर : भिगवणला खुशाल जा. परतीला मात्र सायकल छोट्या हत्तीत टाका आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसा. घाबरट म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवून द्या. माझा दवाखाना रविवारी बंद असतो, कारण मीही सायकलवरच असते.

आधी त्या काट्याचं बोलू. तापलेल्या उन्हात अंगावर शहारे येणं, थंडी वाजल्यासारखं वाटणं, ही शरीराची शेवटून दुसरी घंटा आहे. तिथे थांबायचं असतं. सावली, डोक्यावर-मानेवर पाणी, आणि त्या दिवसापुरती सायकल संपली. तुम्ही घरी पोचलात हे चांगलंच झालं, पण ‘तरी पोचलो’ हा पुढच्या राइडचा दाखला होऊ शकत नाही.

आता भिगवणच्या रस्त्याचा हिशेब. पहाटे निघता तेव्हा हवा गार, रस्ता हलक्या उताराचा. आठ-साडेआठला भिगवण. मासे खाऊन, उजनीचं पाणी बघून दहाला परत फिरता, आणि इथून सगळं उलटं होतं. उतार होता तो चढ झालेला, दुपारी पश्चिमेचा वारा समोरून, दीडनंतर सूर्यही तोंडावर. चौपदरीकरणात कडेची जुनी झाडं गेली, त्यामुळे सावली म्हणजे उड्डाणपुलाखालची. हवामान खातं ४१ म्हणतं तो आकडा सावलीतल्या पांढऱ्या लाकडी पेटीतला असतो. डांबरावर तुम्ही असता, ती पेटी नसते.

सायकल चालवताना शरीर जी शक्ती खर्च करतं तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलला मिळतो, बाकीची उष्णता होते. हवा कातडीपेक्षा गार असेल तोवर वारा ती उष्णता काढून नेतो. पारा ३५-३६च्या वर गेला की तोच वारा अंगाला उलट तापवतो. मग उरतो फक्त घाम, तोही वाळला तर. ताशी २६ने जाणारा २०ने जाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता तयार करतो. म्हणून उन्हातलं पहिलं औषध पाणी नव्हे, वेग कमी करणं. भर दुपारी घामातून तासाला एक ते दीड लिटर पाणी सहज जातं. चालत्या सायकलवर बहुतेकांचं पोट तासाला एक लिटरही पुढे ढकलत नाही. वरून दोन बाटल्या एकदम ओतल्या की डचमळणारच. आणि तासन्‌तास नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यातही डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि सोबतचे पुन्हा म्हणतात, ‘पाणी पी.’

खरी गंमत ग्रुपमध्ये असते. यवतच्या रसवंतीवर पुढचे चौघे पोचतात, रस पितात, फोटो काढतात, वीस मिनिटं पाय पसरून बसतात. शेवटचा धापा टाकत येतो, ग्लास हातात घेतो तोच पुढचे हेल्मेट चढवतात: ‘चला, उशीर होतोय.’ जो सगळ्यात दमला त्यालाच सगळ्यात कमी विसावा! मी हे इतक्या ग्रुपांत पाहिलंय की आता शेवटच्याच्या मागे राहून सायकल चालवते. आमच्याकडे विसाव्याची वेळ शेवटचा माणूस सावलीत बसला की सुरू होते, आणि निघताना त्याला पुढे घालतो. त्याचा वेग तोच सगळ्यांचा. राइडनंतर सरासरी वेग ग्रुपवर टाकायला बंदी आहे. काही तरुण मंडळी यावरून सोडून गेली. जाऊ देत. पालखीसोबत चालणारे वारकरी वर्षानुवर्षांचे सरावलेले असतात, तरी पालखीला दुपारचा विसावा असतोच. आपण सायकलवाले कोण लागून गेलो?

लीडरचं एक म्हणणं बरोबर आहे: सवय लागते. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. पण त्याला दहा ते चौदा दिवस, रोज तासाभराची बेताची मेहनत लागते. एका रविवारी आठ तास भाजून घेतल्याने सवय लागत नाही. शिवाय तुम्ही पंढरपूरला जाणार आषाढीच्या सुमाराला, तोवर त्या पट्ट्यात बहुधा ढग आलेले असतात. तेव्हा सराव मांडीचा आणि बैठकीचा करा: शनिवारी पहाटे चारला निघून भिगवणच्याच रस्त्यावरचं चौफुला गाव गाठून परत, रविवारी पुन्हा तेच. रोज शंभरच्या आसपास, आणि साडेनऊच्या आत घरी. लागोपाठचे दोन दिवस एका भाजक्या दिवसापेक्षा जास्त शिकवतात.

गोळीचं डॉक्टरांना विचाराच. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही नाडीचा वेग रोखतात; दोन्ही उन्हात नडतात. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

शेवटची घंटा कोणती, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत हवं. माणूस असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, सायकल सरळ रेषेत चालत नाही. घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. १०८ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका: कपडे सैल करा, मिळेल तितकं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान-काखा-जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसीन देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

प्रश्न : मी अकोल्याची. आमच्याकडे पारा ४४-४५, पण सायकलवर घामच येत नाही. मग ओआरएस लागतं का?

उत्तर : येतो हो ताई, दिसत नाही एवढंच. कोरड्या हवेत तो निघाल्या निघाल्या वाळतो. राइडनंतर काळ्या जर्सीवर पांढरे पट्टे बघा, ते तुमचंच मीठ. एकदा निघण्याआधी आणि तासाभराने परतल्यावर वजन करा. जितकं घटलं त्यात प्यायलेलं पाणी मिळवा, तो तुमचा तासाचा घाम. (मुंबई-कोकणात उलटं, घाम टपटप गळतो पण वाळत नाही, म्हणून गार करत नाही.) ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, अर्ध्या बाटलीत नको. नावात ‘ओआरएस’ मिरवणाऱ्या गोड पेयांना २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने चाप लावला, तरी पाकीट उलटून वाचाच. मीठ घातलेलं ताक थांब्यावर उत्तम, बाटलीत भरून नेऊ नका. उसाचा रस अर्धा ग्लास पुरे, नाहीतर पोटात तसाच बसतो. खारे शेंगदाणे खिशात असू द्या. आणि ४५ला दहाच्या पुढे सायकल चालवू नका, कितीही प्यायलात तरी.

प्रश्न : उन्हात टायर फुटेल म्हणून हवा कमी भरावी का?

उत्तर : नको. वीस अंशांनी तापमान वाढलं तर पंपावरच्या काट्यावर हवेचा दाब ८० पीएसआय असेल तर त्याचे ८६-८७ होतात. धडधाकट टायर ते सहज सोसतो. कमी हवेने खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होण्याची शक्यता जास्त. सायकल बंद गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, ठिगळाचा डिंक सुटतो. टायरच्या कडेला चिरा पडल्या असतील तर हवेचा विचार सोडा, टायर बदला.