पासिंगला नापास झालेली जुनी गाडी

प्रश्न : २०११ची पेट्रोल गाडी पुनर्नोंदणीच्या तपासणीत नापास झाली. मागच्या डाव्या-उजव्या ब्रेकच्या पकडीत फरक आणि पुढच्या चाकात प्ले (ढिलेपणा) निघाला. काय करावं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : घाबरू नका, इंजिनाला हात लावायची गरज नाही. आधी मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून घ्या. व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) रबराखाली ओल दिसली तर ब्रेक ऑइल लायनरवर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) झिरपतंय, म्हणूनच ती बाजू कमी धरते. सिलिंडर आणि लायनर दोन्ही बाजूंचे बदला. एकाच बाजूचे बदलले तर फरक राहतो. मग पुढचं चाक जॅकवर उचला. डावी-उजवीकडे धरून आडवं हलवून खटखटलं तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), वर-खाली धरून उभं हलवून खटखटलं तर बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल सांधा) किंवा बेअरिंग. काम झाल्यावर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) कराच. टायरची खाचही मोजा, १.६ मिमीच्या खाली चालत नाही.