यंत्राच्या आधी ग्राइंडर: कॉफीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या नेहमीच्या कॅफेतली कॉफी मला फार आवडते, म्हणून त्यांच्याकडच्याच बिया विकत घेतल्या आणि तिथेच दळून आणल्या. घरी फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याने जाळी खाली दाबून कॉफी गाळायच्या भांड्यात) पहिले तीन-चार दिवस कॉफी चांगली झाली, नंतर चव उतरत गेली. आता ती कधी कडू होते, तर कधी नुसतीच पाणचट. एस्प्रेसोचे यंत्र घ्यावे, असे घरात चालले आहे. घ्यावे का?

उत्तर: तूर्त घेऊ नये. 'तिथेच दळून आणल्या' हे आपले शब्द वाचले आणि निम्मे उत्तर तिथेच सापडले. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू आणि सुगंधी द्रव्ये कोंडलेली असतात. बी अखंड असेपर्यंत ती सावकाश बाहेर पडतात. मात्र दळल्यावर हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि जो सुगंध काही आठवडे टिकला असता, तो काही तासांतच उतरणीला लागतो. कॅफेत प्रत्येक कपासाठी बिया ऐनवेळी दळतात. यंत्राचे पैसे तूर्त बाजूला ठेवून त्यांतला थोडा भाग हाताने फिरवायच्या, दातेरी चकत्यांच्या ग्राइंडरवर खर्च करावा. पात्यांच्या मिक्सरमध्ये बी फुटते खरी, पण काही कण पीठ होतात आणि काही तसेच जाड राहतात. पिठातून कडूपणा उतरतो, जाड तुकड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येऊन बसतात.

आता मापाकडे वळू. आपण चमच्याने मोजत असाल, असा माझा अंदाज आहे. गडद भाजलेली बी फुगून हलकी होते, त्यामुळे तिचा एक चमचा आणि फिक्या भाजणीचा एक चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. स्वयंपाकघरातल्या साध्या वजनकाट्यावर 15 ग्रॅम कॉफीला 240 ग्रॅम पाणी, म्हणजे एकास सोळा, हे प्रमाण धरून सुरुवात करावी. दळण जाड्या मिठाइतके भरड असावे. पाणी उकळल्यावर अर्धा मिनीट थांबून ओतावे, म्हणजे ते साधारण 90 ते 96 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात येते.

पाणी ओतताच दळण वर उचलले जाते आणि त्यावर बारीक बुडबुड्यांचा तपकिरी थर धरतो. हा कोंडलेला वायू सुटत असतो. थर जाड आणि फुगीर आला, तर बिया ताज्या आहेत असे समजावे. तो आलाच नाही, तर बिया बहुधा शिळ्या आहेत. चार मिनिटांनी तो थर चमच्याने हलकेच मोडावा, म्हणजे बहुतेक दळण तळाला बसते, आणि मग जाळी सावकाश खाली न्यावी. गाळून झालेली कॉफी भांड्यात तशीच ठेवू नये, कारण ती दळणाच्या सहवासात मुरतच राहते आणि दुसरा कप हमखास कडू निघतो.

'कडू' आणि 'पाणचट' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पाण्यात आधी आम्ल उतरते, मग गोडवा, आणि कडूपणा सर्वांत शेवटी. त्यामुळे कॉफी कडू लागली तर दळण अधिक भरड करावे किंवा वेळ कमी करावा. आंबट आणि अर्धवट लागली तर दळण बारीक करावे. आणि पाणचट असेल तर कॉफीचे वजन वाढवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळणार नाही. इतके करूनही चव सपाट राहिली, तर पाणी तपासावे. कपातल्या कॉफीत अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ते फार जड, म्हणजे क्षारांनी भरलेले असेल तर चव मंदावते आणि क्षार पूर्ण काढून टाकलेले असेल तर ती पोकळ लागते.

प्रश्न: एस्प्रेसो, कॅपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट हे सगळे मला एकाच चवीचे वाटते. यांत खरोखर फरक आहे का, आणि यंत्राशिवाय घरी काय जमेल?

उत्तर: फरक आहे, पण तो मुख्यतः दुधाचा आहे, कारण चारींचा पाया एस्प्रेसोच. बारीक दळलेल्या 18 ग्रॅम कॉफीतून सुमारे 9 बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाबाने गरम पाणी ढकलायचे आणि 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम दाट अर्क मिळवायचा, ही आजची रूढ पद्धत. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा यांनी 1901 मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा दाब वाफेचा आणि बेताचाच होता; वर तरंगणारा सोनेरी फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, तो दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्रांनी दाब वाढवला तेव्हा कपात आला.

या अर्कावर दूध आणि जाड फेस आला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेसाचा पातळ थर असला की लाटे, आणि कप लहान, फेस अगदी मऊ आणि पातळ, त्यामुळे कॉफीची चव पुढे असली की फ्लॅट व्हाइट. शेवटच्या पेयाचा जन्म ऑस्ट्रेलियात झाला की न्यूझीलंडमध्ये, हा वाद अजून मिटलेला नाही. जाता जाता एक सूचना: इटलीत नुसते 'लाटे' मागितले, तर पुढ्यात दुधाचा ग्लास येतो, कारण त्या शब्दाचा अर्थच दूध. सगळे एकाच चवीचे लागत असेल, तर एकदा एस्प्रेसो नुसता घेऊन पाहावा आणि मग त्याच कॅफेत फ्लॅट व्हाइट घ्यावा. मोठ्या कपातल्या लाटेत दूध इतके असते की बी चांगली की वाईट, हे जाणकारालाही सांगता येत नाही.

घरी चुलीवरचा मोका पॉट, जो अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून 1933 मध्ये बाहेर आला, दुधाच्या कॉफीसाठी पुरेसा आहे. त्याचा दाब जेमतेम दीड बारच्या आसपास असल्याने तो एस्प्रेसो नव्हे, पण अर्क दुधात तग धरण्याइतका दाट उतरतो. दूध 60 ते 65 अंशांपर्यंत तापवून रिकाम्या फ्रेंच प्रेसमध्ये जाळी भराभर वरखाली करावी. अर्ध्या मिनिटात फेस धरतो. दूध 70 अंशांच्या पुढे गेले की त्याचा गोडवा मागे पडतो आणि शिजलेल्या दुधाचा वास पुढे येतो.

प्रश्न: झोप उडू नये म्हणून मी दुपारी कडक एस्प्रेसो टाळून मोठा मग भरून साधी गाळीव कॉफी घेते. तरी रात्री जाग येतेच. असे का?

उत्तर: कारण हिशेब उलटा झाला आहे. एका लहान एस्प्रेसोत साधारण 60 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते, तर 240 मिलिलिटर गाळीव कॉफीत सुमारे 95. आपला मग मोठा असेल तर त्याहूनही जास्त. कडक चव आणि कॅफिन यांचा संबंध फार थोडा आहे. बी कोणत्या जातीची, हे अधिक महत्त्वाचे: रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असते. शरीरातले निम्मे कॅफिन ओसरायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून चार वाजताच्या मगातला निम्मा भाग रात्री नऊलाही आपल्यासोबत जागा असतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी 200 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले आहे. दुपारी कॉफी हवीच असेल, तर लहान एस्प्रेसो किंवा डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी घ्यावी. डिकॅफमध्येही किंचित कॅफिन उरते, पण ते काही मिलिग्रॅमच असते.

प्रश्न: बिया फ्रिजमध्ये ठेवाव्यात का?

उत्तर: नको. तिथे त्या ओलावा आणि शेजारच्या पदार्थांचे वास दोन्ही ओढून घेतात. हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवाव्यात. खूपच बिया असतील, तर लहान हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवता येतात. मात्र पुडी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये.

प्रश्न: मी कॅफेत एस्प्रेसोत साखर घातली, तेव्हा सोबतचे मित्र हसले. साखर घालणे खरेच चूक आहे का?

उत्तर: चूक मुळीच नाही. एस्प्रेसो जिथे जन्मला त्या इटलीत पुष्कळ लोक त्यात साखर घालून ढवळतात. मी स्वतः साखर घेत नाही, पण एका कॅफेत मी नुसती साखर मागितली, तर तिथल्या मुलाने भुवया अशा काही उंचावल्या की ती साखर मला कॉफीसाठी नव्हे, सोबतच्या वृद्ध गृहस्थांसाठी हवी होती, हे सांगायलाही लाज वाटली. माझे म्हणणे एवढेच की पहिला घोट बिनसाखरेचा घ्यावा आणि तोही वाफ थोडी ओसरल्यावर, कारण फार गरम घोटात जिभेला कडूपणापलीकडे फारसे कळत नाही. त्यानंतरही साखर हवीशी वाटली, तर घालावी आणि ती तळाला बसू न देता नीट ढवळावी.