कट-ऑफच्या आत आलीस ना, मग सॉरी कुणाला म्हणतेस?

या वेळचं पत्र कोल्हापूरचंच आहे. लांब होतं, थोडं कापून देते.

"आक्का, सॉरी, पत्र मोठं झालंय. मी ३९ वर्षांची, अकाउंट्समधे काम करतो, मुलगी ९ वर्षांची. दीड वर्षापूर्वी मैत्रिणीच्या नादानं पळायला लागलो, मग सायकल घेतली, मग टँकवर जाऊन ३८ व्या वर्षी फ्रीस्टाईल शिकलो. गेल्या महिन्यात पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन केली. ७५० मीटर पोहायला २६ मिनिटं, २० किलोमीटर सायकल ५८, ५ किलोमीटर पळायला ४१, मधल्या बदलाबदलीत १० मिनिटं गेली. टोटल २ तास १५ मिनिटं, कट-ऑफ अडीच तासाचा. लास्ट आलो. पोचलो तेव्हा कमान उतरवत होते, पाण्याचा टेबल उचललेला, मेडल गाडीतनं शोधून आणून दिलं. लेक बाटली धरून उभी होती, म्हणाली, मम्मी ते मॅट का गुंडाळतायत, तू यायची होतीस की. तिच्यासमोर रडलो नाही, घरी येऊन रडलो. रविवारी पन्हाळ्याच्या राइडला माझ्यामुळं सगळ्यांना थांबावं लागतं, दरवेळी सॉरी म्हणतो. मिस्टर म्हणतात हौस म्हणून कर, स्पर्धा कशाला. चार महिन्यांनी ऑलिंपिक अंतराच्या रेसला नाव घातलंय, कॅन्सल करू का? परवा राजाराम तलावात ग्रुपबरोबर पोहताना बारीक पाऊस होता, मी स्ट्रोक मोजायचं विसरलो, बाहेर आल्यावर कळलं एकदाही थांबलो नाही. सॉरी, तुमचा वेळ घेतला.
– मागून पहिली"

अगं पोरी,

बोलतेस तसंच लिहिलंयस, 'लास्ट आलो', 'रडलो', वाचताना आपल्या पेठेतल्या बायकांचा आवाज कानात आला, बरं वाटलं. पण ते खालचं नाव मला आवडलं नाही, मी तुला त्या नावानं हाक मारणार नाही. आणि एवढ्याशा पत्रात तीनदा सॉरी आहे, पहिल्या ओळीत, शेवटच्या ओळीत आणि मधे पन्हाळ्याच्या रस्त्यावर. मला तुझा स्पीड नंतर दिसला, हे आधी दिसलं.

कट-ऑफ म्हणजे काय, ते आधी नीट बोलू. आयोजकांनी पैसे घेताना लिहून दिलेला शब्द म्हणजे कट-ऑफ. अडीच तास म्हणाले ना, मग अडीच तास ती कमान उभी पाहिजे, पाणी पाहिजे, वेळ नोंदवणारं मॅट पाहिजे, आणि एक तरी माणूस टाळ्या वाजवायला पाहिजे. तू सव्वादोन तासात आलीस, म्हणजे पंधरा मिनिटं शिल्लक ठेवून. रेस चालू होती आणि त्यांनी आवरायला घेतली, चूक त्यांची आहे, तू उशिरा आलीच नाहीस. हवाईतल्या कोनाला आयर्नमॅनची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन, तिथं जिंकणारे आठ तासांच्या आसपास संपवतात आणि शेवटच्यांना १७ तासांपर्यंत वेळ असतो. तर तिथं मध्यरात्र जवळ आली की फिनिशला पुन्हा गर्दी जमते, त्या दिवशी जिंकलेले लोकसुद्धा अंघोळ-जेवण करून परत येऊन उभे राहतात, शेवटी येणाऱ्यांसाठी. या खेळाची मूळ रीत ही अशी आहे. तुला जे भेटलं ती रीत नव्हे.

तेव्हा पहिलं काम, आयोजकांना मेल लिही, शांतपणे, वेळ आकड्यात लिहून. माझी वेळ अमुक, कट-ऑफ अमुक, मी आले तेव्हा पाणी नव्हतं. त्यात सॉरी लिहू नको. तुझ्यासाठी तर लिहीच, पण पुढच्या वर्षी तुझ्यासारखी अजून एक बाई शेवटच्या किलोमीटरला तहानलेली असेल तिच्यासाठी पण लिही.

आता पन्हाळ्याचं. तू म्हणतेस सगळे तुझ्यासाठी थांबतात. बरोबर आहे, पण काय होतं बघ, पुढचे लोक वाघबीळला थांबतात, पाणी पितात, दम खातात, फोटो काढतात, आणि तू धापा टाकत पोचलीस की "चला" म्हणून निघतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना दहा मिनिटं मिळतात आणि जिला गरज आहे ती सरळ घाटाला लागते. हे दर रविवारी केलं तर कुणाचे पाय उरतील? ग्रुपमधे सांग की मी पोचल्यावर पाच मिनिटं द्या, नाहीतर मी अर्धा तास आधी निघते आणि तुम्ही मला वाटेत गाठा. दुसरं मला जास्त आवडतं, कारण मग तूच पुढं असतेस आणि मागून येणारा प्रत्येक जण तुला हाक मारून जातो.

आणि ग्रुपमधल्या स्पीडला फसू नको. एकामागं एक चिकटून सायकल चालवली की वारा पुढचा झेलतो आणि मागच्याची ताकद बरीच वाचते. याला ड्राफ्टिंग म्हणतात, आपल्याकडच्या हौशी रेसमधे ते चालत नाही, तिथं प्रत्येकाला वारा स्वतःच कापावा लागतो. तुझी ५८ मिनिटं तू एकटीनं केलीस.

लहानपणी आमच्या घरासमोर तालीम होती. नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच कुस्तीला उभा करायचे नाहीत, महिनोन् महिने हौद्यातली माती उकरायला लावायचे, जोर-बैठका मारून घ्यायचे, तेल-ताक घालून माती मळायची ती पण त्यानंच. आणि कुस्ती लागली तरी जोड बघून. वय, वजन, किती दिवस माती खाल्ली, सगळं बघून जोड लावायची, सहा महिन्यांच्या पोराला सहा वर्षांच्या पैलवानापुढं कुणी टाकत नाही. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत मैदान असलं की सुरुवातीला पोराटोरांच्या कुस्त्या होतात, आणि लोक त्यांनाही तेवढ्याच जोरानं ओरडून हाका देतात. मला सारखं वाटतं की ट्रायथलॉनमधे तुमच्या लोकांना वस्ताद नसतो, म्हणून जोड लावणारं कुणी नाही. वयोगट असतो, पण तुझ्या वयोगटात शाळेपासून टँकवर पोहलेली बाई पण येते आणि ३८ व्या वर्षी शिकलेली तू पण येतेस. ही जोड झाली का? मग तुझी जोड तूच शोध. ग्रुपमधे नाहीतर विद्यापीठाच्या रस्त्यावर सकाळी पळणाऱ्यांत तुझ्या वेगाची, अगदी थोडीशी पुढं असलेली एक तरी बाई असणार, तिला गाठ, आठवड्यातनं दोन दिवस तिच्याबरोबर जा. स्ट्राव्हा अ‍ॅपवर पोडियमवाल्यांच्या पोस्टना लाईक देत बसण्यापेक्षा त्याचा उपयोग होईल.

मिस्टरांचं बोलणं मला अर्धं पटलं नाही. हौस आणि स्पर्धा यात एकच निवडायचं असा काही कायदा नाही. तुला जोरात जायचंय, नंबर वर न्यायचाय, हे तुझ्या प्रत्येक ओळीत दिसतंय आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उगाच "नुसतं एन्जॉय कर" म्हणून मी तुला गप्प बसवणार नाही. हळू आहेस, हे खरं आहे, दुखतं, हे पण खरं आहे. चला, वेळ कुठं कमी होईल ते बघू.

सगळ्यात सोपी दहा मिनिटं बदलाबदलीत आहेत. पाण्यातनं सायकलवर आणि सायकलवरनं पळायला, तिथं तुझी १० मिनिटं गेली आणि ती कमी करायला फुप्फुसं नवी लागत नाहीत. बुटाला इलॅस्टिकच्या नाड्या घाल, हेल्मेट सायकलच्या हँडलवर उलटं ठेव, नंबर बेल्टला लावून ठेव, काय कशानंतर उचलायचं ते पाठ कर, आणि एक नियम विसरू नको, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. गच्चीवर रोज संध्याकाळी दोनदा कर. मला वाटतं पाच मिनिटं तर इथंच निघतील.

पोहण्यात जोर लावून फार काही मिळणार नाही, हे मी स्वतःच्या अंगावरनं सांगते, मी पण चाळिशी ओलांडल्यावर शिकले. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दुप्पट वेग हवा तर विरोध चौपट, त्यामुळं हात जास्त मारण्यापेक्षा अंग आडवं, सरळ ठेवणं महत्त्वाचं. मोठेपणी शिकलेल्यांचे पाय बहुतेक वेळा खाली बुडतात, कारण श्वास घ्यायला डोकं वर उचलतो आणि पाण्याखाली श्वास कोंडून धरतो. तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडत राहा, वळताना डोकं न उचलता नुसतं फिरव, एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. मैत्रिणीला टँकच्या कडेनं मोबाईलवर शूट करायला सांग, तू जे करतेस असं तुला वाटतं आणि जे होतं त्यात किती फरक आहे ते बघून थक्क होशील. आठवड्यातनं एकदा दीड तास पोहण्यापेक्षा तीनदा अर्धा-अर्धा तास बरा. आणि तलावात एकटीनं कधीच उतरायचं नाही, कमरेला फ्लोट बांधूनच, हे आक्काचं ऐक.

पळण्यात माझा अंदाज असा की तू रोजच जोरात पळतेस, कारण रोज कुणाला तरी गाठायचं असतं. स्टीफन सायलर नावाचे संशोधक आहेत, त्यांनी लांब पल्ल्याच्या खेळातल्या जगातल्या अव्वल खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं, तर त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स हळू, आरामातली निघाली. हळू म्हणजे किती, तर पळता पळता शेजारणीला अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. रंकाळ्याला सकाळी जाशील तेव्हा तसं जा, लोक पुढं गेले तर जाऊ देत, आठवड्यातला एकच दिवस जोरात ठेव. महिन्यातनं दोन-तीनदा सायकलवरनं उतरून लगेच दहा-पंधरा मिनिटं पळ, पाय लाकडासारखे होतात ना, त्याची सवय होईल. बारीक रक्तवाहिन्या वाढायला, स्नायूंना दम यायला महिने नाही तर वर्षं लागतात, तुझं तर दीडच वर्ष झालंय.

अजून एक, लगेच कर. डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासून घे. आपल्या बायकांत लोह कमी असणं फार सापडतं, मग बाई महिनोन् महिने स्वतःला आळशी म्हणत बसते आणि दोष रक्तात असतो.

ऑलिंपिक अंतराचं मी हिशोब घालून बघितलं. १.५ किलोमीटर, ४० आणि १०, म्हणजे सगळं बरोबर दुप्पट. तुझ्या आजच्या वेगानं ५२ मिनिटं, १ तास ५६ मिनिटं, १ तास २२ मिनिटं, वर बदलाबदलीची १०, झाले ४ तास २० मिनिटं, आणि हे दमणूक न धरता. दुसऱ्या अर्ध्यात वेग पडणार म्हणजे पडणारच. आता त्या रेसची नियमावली काढ आणि कट-ऑफ बघ, टोटलचा पण आणि पोहण्याचा-सायकलचा वेगळा असेल तर तो पण. तुझ्या हिशोबापेक्षा अर्धा तास जास्त असेल तर बिनधास्त जा. नसेल तर कॅन्सल करू नको, आयोजकांना विचारून स्प्रिंटला नाव बदलून घे आणि २ तास १५ मिनिटांच्या खाली ये. माझं मत विचारशील तर मी स्प्रिंटच करेन, कारण त्याच अंतरात आपण किती सुधारलो ते तुला दिसायला पाहिजे, आत्ता तुला नेमकं तेच दिसत नाहीये. मॅडोना बुडर नावाच्या अमेरिकेतल्या नन आहेत, त्यांनी पळायला सुरुवात केली ४८ व्या वर्षी आणि २०१२ साली ८२ व्या वर्षी आयर्नमॅन पूर्ण केली. मधल्या वर्षांत कट-ऑफ चुकल्याचे दिवसही त्यांनी बघितलेत. तू ३९ ची आहेस गं.

सोडायचंच असेल तर सोड, मी अडवणार नाही, तुझी सकाळ तुझी आहे. पण पत्राच्या शेवटी त्या पावसातल्या तलावाचं तू जे लिहिलंयस ना, स्ट्रोक मोजायचं विसरलो म्हणून, ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ गप्प बसले. ज्याला हे नको झालंय तो माणूस असं लिहीत नाही.

राहिली लेक. तिनं जे बघितलं ते तिच्या डोक्यात तसंच राहू देऊ नको. आज जेवायला बसलात की कट-ऑफ म्हणजे काय ते तिला सांग, २ तास १५ आणि २ तास ३० कागदावर लिहून दाखव आणि वजाबाकी तिलाच करू दे. मग गच्चीवर जा, स्टॉपवॉच तिच्या हातात दे, तू ओली होऊन ये, हेल्मेट, बेल्ट, बूट, आणि किती सेकंद झाले ते तिला ओरडून सांगू दे. पहिल्या दिवसाचा आकडा मला कळव.

तुझी
आक्का