प्रश्न वाचकांचे : कॅल्गरी ते विनिपेग, दोघे सायकलवर

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, वय अनुक्रमे ५४ आणि ५१. गेल्या वर्षी आम्ही पुण्याहून गोव्याला सायकलने गेलो. आमची मुलगी कॅल्गरीला नोकरी करते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या घरून निघून, कॅनडाचा प्रेअरी प्रदेश ओलांडून विनिपेगला पोहोचायचे असा बेत आहे. घाटांची सवय असल्यामुळे सपाटीवर रोज १५० किलोमीटर सहज होतील आणि नऊ दिवसांत प्रवास संपेल, असे आम्हाला वाटते. हा अंदाज बरोबर आहे का? ह्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे; तेव्हा ह्यांनी पुढे जाऊन मुक्कामी थांबावे, की आम्ही बरोबरच राहावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला बेत मनापासून आवडला, अंदाज मात्र बदलावा लागेल. मी आणि माझे पती ट्रान्स-कॅनडा महामार्ग क्रमांक १ धरून याच वाटेने गेलो होतो, आणि निघताना आम्हीही फक्त उंचीचाच हिशेब केला होता. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४५ मीटरवर, वाटेतले रेजायना शहर ५७५ मीटरच्या आसपास आणि विनिपेग जेमतेम २४० मीटरवर आहे. म्हणजे सुमारे १,३२५ किलोमीटरच्या वाटेत एकंदर उतारच आहे. पण घाट किती लांब आहे हे आधी ठाऊक असते आणि माथा आला की तो संपतो. प्रेअरीवरच्या वाऱ्याला असा माथा नाही, कारण त्याला अडवायला डोंगर नाही आणि झाडांच्या रांगाही विरळ आहेत. वारा पश्चिमेकडून अधिक येतो म्हणून पूर्वेकडे जाण्याचा आपला निर्णय योग्यच आहे, तरी उन्हाळ्यात आग्नेयेकडचा वाराही दिवसभर वाहू शकतो. वाटेतले स्विफ्ट करंट हे गाव सोडल्यावर आम्हाला तसाच वारा लागला आणि सामान लादलेल्या सायकली ताशी दहा किलोमीटरच्या पुढे जाईनात. रेल्वेलगतचे धान्याचे एलेव्हेटर, म्हणजे तिकडची उंच कोठारे, क्षितिजावर दिसले तेव्हा गाव जवळ आले असे वाटले. त्याच्या भिंतीवरचे नाव वाचता येईपर्यंत दोन तास गेले.

म्हणून रोज सरासरी ८० किलोमीटर धरावेत, चार दिवस हाताशी मोकळे ठेवावेत आणि एकूण तीन आठवड्यांची तयारी करावी. वारा बहुधा ऊन चढू लागले की वाढतो. जूनच्या अखेरीस रेजायनाला पाचच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो, तेव्हा पहाटेच निघून दुपारच्या आत दिवसाचे बरेचसे अंतर कापावे, दुपारी एखाद्या गावात विसावा घ्यावा आणि वारा पडल्यास संध्याकाळी पुन्हा निघावे. मेडिसिन हॅट ते स्विफ्ट करंट हा सुमारे २२० किलोमीटरचा टप्पा विशेष विचारपूर्वक आखावा. मधले मेपल क्रीक हे गाव मुक्कामाला चांगले, पण ते महामार्गापासून सुमारे आठ किलोमीटर दक्षिणेला आहे आणि थकलेल्या पायांना ते आठ किलोमीटर फार मोठे वाटतात.

आता आपला दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. कृपया बरोबरच राहा. समोरून वारा असताना पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे कष्ट पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होतात. म्हणजे आपल्या पतींचा जास्तीचा जोर वाया न जाता आपल्या कामी येतो. मात्र वेग मागच्याने ठरवावा. माझे पती पुढे असत आणि मी ‘हळू’ म्हटले की हळू, असा आमचा नियम होता. वाऱ्यात आवाज पोहोचेना तेव्हा आम्ही घंटीची खूण ठरवली. सामानामुळे सायकल चटकन थांबत नाही, म्हणून दोघांत निदान एका सायकलीचे अंतर राखावे. वारा बाजूने असेल तर आडोसा मिळवण्यासाठी तिरके चालवू नये, कारण मागचा माणूस थेट ट्रकच्या मार्गात येतो. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी ढकलल्यासारखे होते आणि मग आत ओढल्यासारखे. हँडल घट्ट आवळण्यापेक्षा खांदे सैल ठेवलेले बरे.

कडेच्या डांबरी पट्ट्यावर फुटलेल्या ट्रकच्या टायरांचे तुकडे पडलेले असतात, आणि त्यांतली केसासारखी बारीक पोलादी तार आपल्या टायरमध्ये शिरते. ती डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापूस फिरवला की जिथे धागा अडकतो तिथे ती असते, आणि बाहेर काढायला भुवयांचा चिमटा लागतो. आमची लागोपाठ तीन पंक्चरे एकाच तारेने झाली होती.

विजांचे वादळ दिसताच, ते दूर आहे असे वाटले तरी, गावातली किंवा पेट्रोल पंपाची पक्की इमारत गाठावी. त्या उघड्या रानात सायकलस्वारच सर्वांत उंच असतो. एकट्या झाडाखाली मुळीच थांबू नये.

प्रश्न : वाटेत शाकाहारी जेवणाची सोय कशी होईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लहान गावांत अंडी, ब्रेड, बटाटे आणि फळे मिळतात, आपल्या पद्धतीचे जेवण स्वतः शिजवणेच बरे. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ती कॅल्गरीत विकत घ्यावी. मसूर डाळ बरोबर ठेवावी. सकाळी बाटलीत भिजत घातली की संध्याकाळी लवकर शिजते. वाटेतला सस्कॅचवान प्रांत हा मसुराचाच मुलूख आहे आणि तिथला मसूर आपल्याकडेही येतो. मूस जॉ या गावाच्या अलीकडे एका शेताच्या कडेला उतरून मी ते रोप हातात घेऊन पाहिले : गुडघ्याच्याही खाली, नाजूक पानांचे, आणि फिकट पांढरी फुले इतकी लहान की सायकलवरून कधी दिसलीच नसती.

प्रश्न : त्या प्रदेशात पाहण्यासारखे काय आहे, आणि घड्याळाचे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जुलैत फुललेल्या कॅनोलाची, म्हणजे मोहरीसारख्या तेलबियांची, पिवळी शेते तर आहेतच, पण मी चॅप्लिन तलावापाशी थांबायला सांगेन. तिथे सोडियम सल्फेटचे पांढरे ढीग रस्त्यावरून दिसतात, आपल्या मिठागरांची आठवण होते, आणि उथळ खाऱ्या पाण्यात स्थलांतर करणारे पक्षी उतरतात. उन्हाळ्यात अल्बर्टा (कॅल्गरीचा प्रांत) आणि सस्कॅचवानची घड्याळे सारखीच चालतात, पण मॅनिटोबाच्या (विनिपेगच्या प्रांताच्या) हद्दीत शिरताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. त्या दिवशी किराणा लवकर घ्यावा, कारण मुक्कामाच्या गावातले दुकान आपल्या हिशेबाने तासभर आधी बंद होईल.