सांगलीत एसीशिवाय थंड राहणारं घर छोट्या आर्किटेक्ट फर्मकडून करून घ्यावं का? खर्च किती वाढतो?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "आर्किटेक्ट लावला तरी शेवटी एसी बसवावाच लागतो असं ऐकलंय." हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालासुद्धा माझ्या सख्ख्या मामांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितेच.

मी आर्किटेक्ट, आमचं छोटं ऑफिस सांगलीत विश्रामबागला. माणसं अडीच: मी, एक ज्युनिअर आणि दुपारनंतर येणारा ड्राफ्ट्समन. सध्या कुपवाडला एक बंगला प्लिंथपर्यंत आलाय, तासगावकडं द्राक्षबागेत एक घर चालू आहे आणि मिरजेत एका जुन्या वाड्याची दुरुस्ती. वाड्याच्या भिंती दोन फूट जाड, वर मातीचं माळवद. मे महिन्यात मजूर दुपारी बाहेर झाडाखाली न जाता आतच आडवे होतात, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला माहीत नाही.

आता मामांचं घर. प्लॉटला रस्ता पश्चिमेला. मी जिना, संडास-बाथरूम, स्टोअर सगळं पश्चिमेला ढकललं आणि बेडरूम पूर्वेला-उत्तरेला घेतल्या. लाइनआउटच्या, म्हणजे प्लॉटवर चुन्यानं घराची आखणी करायच्या दिवशी मामा वास्तुवाल्यांना घेऊन आले. यजमानाची बेडरूम नैऋत्येलाच पाहिजे. शिवाय पुण्यात कुठंतरी बघितलेली दोन मजली काच समोर, हॉलला. मी म्हटलं मामा, तिथं संध्याकाळी भट्टी होईल. तर म्हणाले, "अगं नकाशा तुझा, पैसा माझा, आणि झोपणार मी." मी नवीन, घरचं पहिलं काम, आईनं डोळे वटारले, बदलला प्लॅन.

झोपले मग. नऊ इंची भिंत दुपारी ऊन खाते आणि रात्री दहा-अकराला ते आत ओकते, बरोबर अंथरूण टाकायच्या वेळी. त्यात पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्जा कितीही बाहेर काढा, ते खालून घुसतंच. वर उघडा स्लॅब. पहिल्याच एप्रिलमध्ये मामा हॉलमध्ये गादी टाकायला लागले, मग बेडरूमला एसी, मग काचेमुळं हॉललाही एसी. आणि नाव कुणाचं? भाचीचं. वास्तुवाल्याला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

गंमत म्हणजे लोक दक्षिणेला घाबरतात. आपल्याकडं मे ते जुलै भर दुपारी सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटाचा छज्जा पुरतो. खरी वैरीण पश्चिम, आणि तिच्याहून मोठा स्लॅब.

खर्चाचं म्हणाल तर खोल्यांची दिशा बदलायला एक रुपया लागत नाही, कागदावर असतानाच बदला. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, करा, ऊन परत फेकतो. रॅट ट्रॅप बाँडनं, म्हणजे विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून, भिंत बांधली तर मधे पोकळी राहते आणि विटा साधारण पाव हिश्शानं वाचतात, पण मिस्त्रीला आधी एक नमुना भिंत बांधायला लावा, नाहीतर तो पोकळीत सिमेंटचा मालच भरून टाकतो (आमच्या मिस्त्रीनं भरला होता). केंद्राची २०१८ ची इको निवास संहिता (घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली) छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती आत येते त्याचा आकडा, १.२ च्या आत ठेवा म्हणते, नुसता स्लॅब जवळपास त्याच्या तिप्पट जातो. सोलर जरूर लावा, केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे आणि पॅनेल उंच बसवले तर स्लॅबवर सावलीही पडते. पण पश्चिमेची भिंत तापवायची, मग ती गार करायला एसी, मग एसीला सोलर, हे मला पटत नाही.

फर्म छोटी की मोठी हे बघू नका. त्यांनी केलेल्या घरी मे महिन्यात रात्री नऊला जा आणि बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावा.

हां, चायना मोझॅक पावसाळ्यात घसरडा होतो, घरात म्हातारी माणसं असतील तर गच्चीवर जायच्या वाटेला तो करू नका. आणि प्लॉट पुराच्या पट्ट्यात असेल तर वरचं सगळं नंतर, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, पोकळ भिंतीत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. आणि एसी अजिबातच लागणार नाही असं मी लिहून देत नाही. एका खोलीत, दोन-तीन आठवडे, लागू शकतो.

गेल्या वर्षी मामांनी बेडरूमबाहेर लोखंडी जाळी करून त्यावर वेल चढवला. ही कल्पना मी पूर्वीच दिली होती, आता ती त्यांची आहे. बिल कमी झालं का विचारलं तर म्हणाले, "बघितलं नाही." मामीनं दोन्ही मे महिन्यांच्या बिलांचे फोटो मला गुपचूप पाठवलेत. दिवाळीनंतर मावसभावाचं लग्न आहे, तेव्हा काढणार आहे.