पिट्सबर्गला उतरल्यावर घरी कसं पोचायचं, आणि गाडी कधी घ्यायची

तुझा प्रश्न असा होता: नवऱ्याला पिट विद्यापीठात पोस्टडॉक मिळालंय, ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं आणि तीन वर्षांची लेक साताऱ्याहून येताय, तर विमानतळावरून घरी कसं जायचं आणि आल्याआल्या गाडी घ्यावीच लागेल का? मी २०१४पासून इथे राहते. पहिली पावणेदोन वर्षं आम्ही गाडीशिवाय काढली, तीही मांडीवर पोर घेऊन. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लेकीचं बघू, कारण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियात चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत कार सीटमध्ये बसवणं कायद्याने सक्तीचं आहे. मांडीवर घेऊन चालत नाही. आम्ही आलो त्या रात्री ॲपवरून गाडी बोलावली. ड्रायव्हरने काच खाली केली, मुलाकडे बघितलं, कार सीट आहे का विचारलं आणि नाही म्हटल्यावर शांतपणे निघून गेला. दुसऱ्यानेही तेच केलं. चूक त्यांची नव्हती. चार मोठ्या बॅगा, झोपलेलं पोर, आणि आम्ही दोघं फुटपाथवर उभे. शेवटी बसने आलो, कारण बसमध्ये कार सीट लागत नाही.

तेव्हा एक तर न्यायला येणाऱ्या ओळखीच्यांना कार सीट आणायला सांग, नाहीतर बस धर. भारतातून सीट आणायच्या भानगडीत पडू नकोस. इथे अमेरिकन प्रमाणपत्राचीच लागते. ओळखीचं कुणी नसेल तर विद्यापीठातल्या भारतीय मंडळींना आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाला आत्ताच लिही. लहान मुलं असलेली घरं खूप आहेत, कुणी ना कुणी येतंच.

बस एकच आहे, २८ एक्स. विमानतळावरून रॉबिन्सनच्या मॉलवरून डाउनटाउन आणि तिथून पुढे ओकलंड. तुझ्या नवऱ्याचं विद्यापीठ ओकलंडमध्येच आहे, म्हणजे बस बदलायचीसुद्धा गरज नाही. विमानतळ शहराच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. ओकलंडपर्यंत तास-सव्वा तास धरून चाल. भाडं २.७५ डॉलर, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. ॲपच्या गाडीला हेच चाळीस-पन्नास डॉलर सहज लागतात, वर टिप.

बसमध्ये रोख पैसे चालतात, पण सुट्टे परत मिळत नाहीत. ड्रायव्हरच्या शेजारी एक उभी पेटी असते, तिच्यात नोट सरकवायची आणि नाणी टाकायची. आमच्याकडे वीस-वीसच्या नोटा होत्या, पुण्याच्या मनी एक्स्चेंजवाल्याने दिलेल्या. मागे रांग खोळंबली होती. एका आजींनी पर्समधून एकेक डॉलरच्या नोटा मोजून दिल्या आणि आमची वीसची मोडून दिली. म्हणून विमानतळावरच पाण्याची बाटली घे आणि सुट्टे करून घे. माणशी एक डॉलरच्या दोन नोटा आणि पंचवीस सेंटची तीन नाणी, एवढं हातात तयार ठेव. पुढे कनेक्टकार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं बसचं कार्ड, काढलंस की तीन तासांत दुसरी बस त्याच भाड्यात मिळते. पैसे चढतानाच द्यायचे. कुणी जुना माणूस सांगेल की काही वेळा उतरताना देतात, तर ती पद्धत २०१७मध्ये बंद झाली. आणि उतरताना लोक ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात, अगदी मागच्या दारातून ओरडूनसुद्धा. मला ही सवय फार आवडली.

नकाशात तुला 'टी' नावाची लोकल दिसेल. ती विमानतळाला जात नाही आणि ओकलंडलाही नाही. दक्षिणेकडच्या उपनगरांसाठी ती छान आहे, डाउनटाउनमध्ये तर फुकट आहे, पण तुमच्या रोजच्या वाटेवर ती नाही. त्यामुळे 'ट्रेनजवळ' अशी जाहिरात बघून घर घेऊ नकोस.

विमानाचं तिकीट काढताना एक बघ. न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला किंवा शिकागोला उतरलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून मध्ये तीन-चार तास तरी ठेव. 'नेवार्कपर्यंत स्वस्तात येऊ, पुढे रेल्वेने जाऊ' हा विचार बरेच जण करतात. न्यूयॉर्कहून पिट्सबर्गला दिवसातून एकच पेनसिल्व्हेनियन नावाची गाडी आहे आणि तिला नऊ तासांच्या वर लागतात. एरवी तो प्रवास सुंदर आहे, पण मुंबईहून आलेल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन नको.

आता गाडीचं. माझं स्पष्ट मत आहे की आल्याआल्या गाडी घेऊ नका, त्याऐवजी घर बसच्या वाटेवर घ्या. पिटच्या ओळखपत्रावर विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना बस फुकट आहे. हे तुझ्या नवऱ्याला लागू होईल, तुला मात्र भाडं पडेल. स्क्विरल हिल या वस्तीत राहिलात तर ६१ नंबरच्या बसेस थेट ओकलंडला जातात. शेडीसाइड या वस्तीतून ७१च्या. स्क्विरल हिलच्या मरे अॅव्हेन्यूवर किराणा, दवाखाने, चालत जाता येईल असं वाचनालय, सगळं आहे. मी तिथे बाबागाडी ढकलत सगळी कामं केली. पूर्वेला थोडं लांब घर मिळालं तर ईस्ट बसवेजवळचं बघ. तो फक्त बसेससाठी बांधलेला रस्ता आहे, १९८३पासूनचा, त्यामुळे गर्दीच्या वेळीही बस अडकत नाही.

याउलट क्रॅनबेरी या लांबच्या उपनगरातलं भाडं, घरं, शाळा बघून लोक भुलतात. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. क्रॅनबेरी बटलर काउंटीत येतं, आपली बस पिट्सबर्गच्या अलेगनी काउंटीची. तिथे राहायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून गाडी, आणि नवरा कामावर गेला की तू घरात अडकलीस.

घर नकाशावर बघून ठरवताना अजून एक सांभाळ. हे शहर डोंगरावर आहे, आणि नकाशात रस्ता म्हणून नाव असलेली एखादी गल्ली प्रत्यक्षात जिना असते. असे सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. आमच्या पहिल्या घरापासून बसथांबा नकाशात चार मिनिटांवर होता. जाऊन बघितलं तर मध्ये नव्वदेक पायऱ्या, एका बाजूला गंजलेला कठडा. बाबागाडी एका हातात, पोर दुसऱ्या कडेवर. जानेवारीत त्याच पायऱ्यांवर बर्फ गोठायचा, मग वळसा घालून पंधरा मिनिटं. तेव्हा घरमालकाला विचार: थांब्यापर्यंत सपाट रस्ता आहे का, आणि बर्फात ती बस मार्ग बदलते का. चढावरच्या बसेस बर्फात खालच्या रस्त्याने वळवतात.

लायसन्सचं काम मात्र लवकर सुरू कर. साताऱ्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आण. इथे परदेशी लायसन्सवर एक वर्षापर्यंत चालवता येतं. त्या वर्षात इथली परीक्षा दे. लेखी परीक्षेत अठरा प्रश्नांपैकी पंधरा बरोबर यायला हवेत, आणि प्रत्यक्ष परीक्षेत दोन खांबांमध्ये गाडी लावून दाखवावी लागते, तिथेच बहुतेक जण नापास होतात. रस्ता ओलांडताना लेकीचा हात घट्ट धर: सिग्नल हिरवा झाला की समोरून डावीकडे वळणारी पहिली गाडी आधी सुटते, ही इथली जुनी रीत आहे.

गाडीची उणीव मला खरी जाणवायची ती पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात जायला आणि मन्रोव्हिलच्या भारतीय दुकानांत. त्यासाठी आम्ही महिन्यातून एकदा दोन कुटुंबं मिळून जायचो. बाकी शनिवारी लेकीला मोनोंगाहेला इनक्लाइनमध्ये बसव. १८७०पासून डोंगरावर चढणारी ती डबी आहे, वणीच्या गडावर आता झालीय तशी. भाडं बसचंच.

तुम्ही बघितलेल्या घरांचे पत्ते मला पाठव. कुठला रस्ता आहे आणि कुठला जिना, ते मी चालत जाऊन बघून सांगते.